कुजका दगड

भाकरीचा तिसरा घास चावताना ज्ञानेश्वरच्या दातांखाली कचकन काहीतरी आलं, आणि चावून झाल्यावर त्याला कळलं की ते चावायचं नव्हतं. आवाज झाला तोंडातच, पण त्याला तो लांबून, डोंगराच्या पलीकडे सुरुंग उडावा तसा ऐकू आला. घास थुंकावा, तर समोर बायको आणि मुलगी. मग त्यानं तो जिभेनंच उलटापालटा केला, चाळला, आणि चिमटीनं दोन खडे काढून ताटाच्या कडेला ठेवले. एक काळपट, तांदळाच्या कणीएवढा. दुसरा पिवळट, त्याहून अंमळ मोठा. काळा खडा कुठून आला असेल याचा विचार करता करता त्याची जीभ उजवीकडच्या खालच्या दाढेवर गेली आणि तिथं तिला धार लागली. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, पिवळा आपलाच.

"गिरणीवाल्यानं काल दगडांना टाकी लावली असणार," सरिता ताटात वाकून म्हणाली. "छिन्नीनं टोचून ठेवले दगड, आणि झाडले नसतील नीट. पहिलं दळण कोंड्याचं काढून टाकायचं असतं, एवढं साधं कळत नाय मेल्याला. आपलं पीठ पहिलं पडलं." मग थोडं थांबून, भाकरी उलटत, "आपला नंबर कधी पहिला लागत नाय. लागला तो ह्यात." हे तिनं दाढेबद्दलच म्हटलं असावं, पण बढतीच्या यादीत तीन वर्षं मागं मागं सरकत राहिलेल्या माणसाला नंबर हा शब्द कुठेही लागतो. मनस्वीचा भूगोलाचा पेपर होता. पुस्तक पाण्याच्या तांब्याला टेकवून ती एका डोळ्यानं वाचत आणि एका डोळ्यानं जेवत होती. ती म्हणाली, "बाबा, विदारण म्हणजे खडक जागच्या जागी फुटणं. आणि झीज म्हणजे फुटलेला वाहून जाणं. तुमच्या दाढेचं विदारण झालं." आणि पान उलटताना, "गिळला असतात तर झीज." सरिता हसली. ज्ञानेश्वरही हसला, आणि हसताना जिभेला पुन्हा धार लागली. त्यानं तो पिवळा तुकडा कॅलेंडरच्या कागदात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवला. का ठेवला, विचाराल तर सांगता आलं नसतं. चाळीसेक वर्षं सोबत असलेली वस्तू खरकट्यात टाकवत नाही एवढंच.

जिभेचं एक असतं, तिला नको तिथंच जायचं असतं. कचेरीत पोचेपर्यंत, पायऱ्या चढताना, हजेरीवर सही करताना, ती त्या तुटक्या कोपऱ्याशी जाऊन येत होती. शेजारच्या टेबलावरच्या माणसानं काहीतरी विचारलं, त्यानं काहीतरी सांगितलं. मग त्यानं आजच्या मोजणीची फाइल उघडली. शेणव्याच्या पुढे मोहाचा पाडा. अर्जदार देवजी आणि त्याचा मुलगा साईनाथ. लगतची कब्जेदार रखमी जाणू हिनं दोन्ही जमिनींमधला हद्दीचा दगड उपटून नष्ट केला आहे, तरी हद्द कायम करून मिळावी व सदर इसमावर कायदेशीर कारवाई व्हावी. सदर इसम म्हणजे रखमी. अर्ज लिहून देणाऱ्यांना बाईचा इसम करायची सवयच असते. खाली जुन्या नकाशाची प्रत जोडलेली होती, १९९१ सालची. कागद शेवग्याच्या शेंगेसारखा वाळलेला. हद्दीच्या रेषेवर एक छोटा चौकोन, आणि त्याच्या शेजारी बारीक, देखण्या अक्षरात: येथे घडीव काळा दगड रोवला. आणि सही. ज्ञानेश्वरनं ती सही आधी अक्षरासाठी पाहिली आणि मग ओळखली. एखादा तरुण बसमधून उतरून जावा, आणि तो दिसेनासा झाल्यावर लक्षात यावं की हा तर आपल्याच घरचा, तसं. तेव्हा ज्ञानेश्वरच्या सहीला शेपूट होतं. शेवटचा र काढल्यावर पेन मागे वळून, सगळ्या नावाखालून सुसाट जाऊन, टोकाला एक गाठ मारून थांबायचं. आता सही म्हणजे एक ज्ञ आणि एक सरपटलेली रेघ. शेपूट कधी झडलं? एका दिवशी झडलं नसणार. रोज थोडं झडलं असेल.

"जुनी जागा, साहेब," दारात उभा असलेला कोंडू म्हणाला. कोंडू साखळी धरणारा शिपाई. ज्ञानेश्वर नोकरीला लागला तेव्हाही साखळीचं दुसरं टोक त्याच्याच हातात होतं. तंबाखू मळत तो फाइलीकडे न बघता म्हणाला, "म्हशाच्या जत्रेच्या दिवशी गेल्तो बघा आपण. तुमी घोंगडी घेतलेली." ज्ञानेश्वर म्हणाला, "हो का?" कोंडूनं तंबाखू ओठाखाली सरकवली. शिपायानं साहेबाला आठवण किती करून द्यायची याचं त्याचं माप साखळीपेक्षा पक्कं होतं.

साईनाथची जीप आली. अर्जदार पार्टीच्या गाडीतून मोजणीला जायचं नाही, असा ज्ञानेश्वरचा पहिल्या काही वर्षांत नेम होता. एसटीनं शेणव्याला उतरायचं, मोजणीचा फळा कोंडूच्या खांद्यावर, साखळी आपल्या, आणि चालायचं. मग एकदा पावसात एसटी आली नाही. मग एकदा ताप होता. पार्टीच्या घरचं पाणी घ्यायचं नाही, पुढे पाणी चालेल पण चहा नको, पुढे चहाला काय झालं, पुढे जेवायची वेळ झालीच आहे तर. कुणी त्याला मोडायला आलं नव्हतं. कुणी घण घातला नव्हता. विदारण म्हणजे जागच्या जागी फुटणं, मनस्वी म्हणाली होती. वाहून गेल्यावरच दिसतं. जीप खड्ड्यात आदळली आणि दाढेतून एक गार तार मानेपर्यंत गेली. "साहेब, आज फायनल करून टाका," साईनाथ गाडी चालवत बोलत होता. तिशीचा, गोरटेला, हसऱ्या तोंडाचा, खिशात मोबाइल, आणि मोबाइल वाजला की गाडी हळू करायचा, म्हणजे माणूस वाईट नव्हता. "जागा घेणारी मुंबईची पार्टी आहे. टाइमाची पक्की. त्यांना हद्द सरळ पायजे, भिंत घालायची. आणि ही म्हातारी दगडच उपटून टाकते. मी म्हणतो, तू राहा ना तुझ्या जागेत, आमचा दगड का उपटतेस?" ज्ञानेश्वर म्हणाला, "उपटताना पाहिलं कुणी?" "पाहायला कशाला पायजे? होता, आता नाय. दगड काय चालत गेला?"

दोन्हीकडच्या वरकस माळावर गवत जळून सोनेरी झालं होतं, आणि लांब कुठेतरी कुणी भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळून राब भाजत होतं. धूर सरळ वर जाऊन आडवा झालेला. दगड काय चालत गेला. फाल्गुनातलं ऊन गाडीच्या काचेतून मांडीवर पडलं, आणि ज्ञानेश्वरला १९९१ सालची थंडी आठवायला लागली, हट्टानं, एकेक बोट धरून. पौष पौर्णिमेचा दिवस होता. मोजणी दुपारीच उरकली होती. राहिला होता फक्त दगड. खाणीतून घडवलेला दगड गाडीनं यायचा होता, आणि गाडी आली नाही, कारण गावातले झाडून सारे बैल आदल्याच दिवशी म्हशाच्या जत्रेला गेलेले. हे त्याला सांगायचं कुणाला सुचलं नाही. जत्रेत बैल जातात हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस मोजणीला येईल हेच त्यांच्या डोक्यात नव्हतं. उद्या परत यावं लागलं असतं. आणि त्यालाही म्हशालाच जायचं होतं. मित्र फाट्यावर थांबणार होते. त्याला घोंगडी घ्यायची होती, काळी, हातमागाची, लाल काठाची. महिनाभर मनात होती. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं, आणि ओढ्याच्या काठी दगडाचा एक गुंडा दिसला. गोल, माणसाच्या कमरेएवढा, काळासावळा. चौघांनी मिळून तो लोटत आणला. घामाघूम झाले. खड्डा खणून होताच.

जाणू तिथं उभा होता. रखमीचा नवरा. तानशाकडच्या जंगलात कोळसा पाडायच्या भट्ट्या लावणारी ती माणसं, पावसाळ्यापुरती पाड्यावर येऊन राहणारी. कुठल्याशा सरकारी योजनेतून त्याला हा जमिनीचा तुकडा मिळाला होता, आणि तो मिळालाय यावर त्याचा अजून विश्वास नव्हता. त्यानं कोयत्याच्या मुठीनं गुंड्यावर तीनदा ठोकलं, आणि मडकं घेताना बाई ऐकते तसं ऐकलं. म्हणाला, "सायब, ह्यो दगूड कुजलाय. बद्द वाजतंय." आणि ज्ञानेश्वर हसला होता. सगळ्यांना ऐकू जाईल असं. "दगड कुजतो होय रे?" बाकीचेही हसले. देवजी हसला, कोंडू हसला. जाणूही हसला, आपणच काहीतरी चुकीचं बोललो असं. आज जीपमध्ये बसून ते हसू ज्ञानेश्वरला आपल्या गालांत आठवलं. सगळे दात शाबूत असतानाचं, भरल्या तोंडाचं हसू. त्यानंतर काहीतरी झालं होतं. जाणूनं काहीतरी आणवलं होतं, खड्ड्यात काहीतरी घातलं होतं, आणि तो स्वतः घड्याळाकडे बघत म्हणाला होता, घाल काय घालायचं ते, लवकर घाल. काय घातलं? त्याला आठवत नव्हतं. किंवा असं म्हणावं लागेल, आठवण दारापर्यंत आली होती आणि तो तिला या म्हणत नव्हता. मग बसल्या जागी, नकाशावर, घडीव काळा दगड. घडीव लिहिलं, कारण घडीवच लिहायचं असतं. घोंगडी अजून आहे. मनस्वी अभ्यासाला पहाटे पांघरून बसते. काठ विरलाय, पण आहे.

रखमी खोपीच्या दारात उकिडवी बसून डोळ्यांवर हात धरून बघत होती. साठ की सत्तर, सांगणं कठीण. अंगावर सुरकुत्यांशिवाय फारसं काही उरलं नव्हतं. तिच्या बोलीत अहोजाहो नव्हतंच. "आलास?" ती म्हणाली. "तूच रं तो? तवा तुज्या डोक्यावर केस व्हते." कोंडू खाली बघून हसला. "दगूड मी उपटला म्हनं. त्यो रोवाया चार गडी लागले व्हते. मी काय म्हैस हाय?" साईनाथ म्हणाला, "आजी, नाटकं करू नको. साहेबांना काम करू दे." "करू दे की. मी काय साखली धरलीय त्याची?"

खोपीची मागची कुडाची भिंत रखमी मानायची त्या हद्दीपासून तीन हातांवर होती. साईनाथनं आधीच जांभळीच्या झाडापासून एक दोरी ताणून ठेवली होती. पार्टीला दाखवायला म्हणून. दोरी भिंतीतून आत जाऊन चुलीवरून पलीकडे निघाल्यासारखी, भिंतीच्या अलीकडे एका खुंटीला आणि पलीकडे दुसऱ्या खुंटीला बांधलेली. ज्ञानेश्वरनं फळा लावला. कोंडूनं साखळी ओढली. उन्हात कड्या चटके देत होत्या. मोजणीच्या खुणेचे लांबचे दोन बुरूज कधीच ढासळलेले. एक पावसानं बसवला होता, एकावर बाभूळ उगवली होती. उरलेल्या एका खुणेवरून आणि ओढ्याच्या वळणावरून तो पुन्हापुन्हा रेघ आखत होता, आणि पुन्हापुन्हा त्याला तेच दिसत होतं, जे दर मोजणीदाराला ठाऊक असतं आणि कुठल्याच पार्टीला सांगायचं नसतं: नकाशावर पेन्सिलीच्या टोकाची जी जाडी, ती जमिनीवर दोन-चार हात भरते. साईनाथची दोरी चुकीची म्हणता येत नव्हती. रखमीची भिंत बरोबर म्हणता येत नव्हती. त्या जाडीत एक म्हातारी राहत होती. दगड असता तर प्रश्न नव्हता. दगड नसेल, आणि नकाशावर घडीव काळा दगड असं लिहिलेलं असेल, तर घडीव दगड आपणहून जात नाही. मग तो कुणीतरी नेला. मग ती गुन्हेगार, आणि गुन्हेगाराला त्या जाडीचा फायदा कोण देतो? त्याला फक्त पेन्सिल टेकवायची होती. घरी जाऊन दाढेवर लवंग ठेवायची होती. बढतीची यादी याच महिन्यात वर जाणार होती, आणि त्याच्या कागदांवर आजवर लाल शाई नव्हती.

"दगड होता कुठं?" त्यानं विचारलं. आवाज त्याला स्वतःलाच कोरडा वाटला. रखमी उठली, कमरेवर हात ठेवून चार पावलं चालली आणि पायाच्या अंगठ्यानं दाखवलं. "ह्यो काय." काळ्या-तांबड्या मातीत एक पिवळसर गोल डाग होता, परातीएवढा. मुरूम. "मुरूम तर सगळीकडंच आहे," साईनाथ म्हणाला. म्हातारा देवजी एव्हाना काठी टेकत येऊन बांधावर बसला होता. त्याला कमी ऐकू यायचं, म्हणून तो सगळ्यांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. ज्ञानेश्वर गुडघे मोडून बसला. उन्हात मुरमाचा तो वास आला, ओल नसलेला, जुन्या पत्र्याच्या पेटीत येतो तसा. त्यानं बोटानं वरची धूळ झाडली आणि खाली वलयं दिसली. कांदा आडवा कापल्यावर दिसतात तशी, एकात एक, पिवळी, विटकरी, राखी. बोट लावलं की पापुद्रा सुटून येत होता. त्याच्या आजोळी एक म्हातारा शेवटी शेवटी असाच झाला होता. अंघोळ घालताना कातडीचे पापुद्रे निघायचे आणि तो म्हणायचा, हळू रे, मी आत आहे. ज्ञानेश्वरनं मधला गाभा उचलला. नारळाएवढा होता. हातात आला तेव्हा दगड होता. त्यानं मूठ आवळली, फार जोरानं नाही, आणि तो कोंड्यासारखा बोटांमधून सांडला. कमरेएवढा गुंडा. चौघांनी लोटत आणलेला.

"राब इथं भाजता का तुम्ही?" त्यानं देवजीच्या कानाशी ओरडून विचारलं. "हां, हां," देवजी मोठ्यानं म्हणाला, प्रश्न आपल्याला कळला याचा त्याला आनंद झाला. "हितंच! दर साली! शेण, टाहाळ, पातेरा, हां असा ढीग लावतो, ह्याच कोपऱ्यात. वाऱ्याला आडोसा ना दगडाचा. लय बेस भाजतो. भाताचा तरवा बघा आमचा कसा येतो." आणि आपण काय बोललो याचा काहीएक अर्थ न लागता तो पुन्हा सगळ्यांच्या तोंडांकडे बघू लागला. पंधरा वैशाख भाजलेला, आणि पंधरा आषाढ भिजलेला. उष्णतेनं खडक प्रसरण पावतात. ज्ञानेश्वरला तांब्याला टेकलेलं पुस्तक दिसलं. कुणी काही केलं नव्हतं. सगळ्यांनी आपापली शेती केली होती.

"खनून बघ," रखमी म्हणाली. "त्याच्या खाली कोलसा हाय. माजा म्हातारा, गेला त्यो, म्हनला, दगूड कुजका, कोलसा घालू या. मीच आनली टोपली डोईवर. तू म्हनलास, लवकर घाल."

तेव्हा दार उघडलं. उघडलं म्हणण्यापेक्षा, त्याला आतून धरून ठेवायचा कंटाळा आला. ती टोपली, तिच्या बुडाला लावलेलं शेण, तरुण रखमी, कोळशानं काळी पडलेली चुंबळ, आणि खड्ड्यात कोळसा पडताना झालेला तो आवाज. काचेच्या बांगड्या ओतल्यासारखा, खणखणीत. जाणू म्हणाला होता, कोलसा सडत नाय सायब, त्याला वालवी खात नाय, पानी खात नाय, एकदा जललेल्याला पुन्यांदा काय व्हनार? आणि हे नकाशावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. लिहायला पाव मिनिट लागलं असतं. ज्ञानेश्वरनं मान वर केली. कोंडू पहारीवर दोन्ही हात ठेवून उभा होता आणि लांब, डोंगराकडे बघत होता. त्याला सकाळपासून ठाऊक होतं. पंधरा वर्षं ठाऊक होतं. तो विचारल्याशिवाय बोलणार नव्हता, आणि विचारायचं म्हणजे आपणच बोलायचं.

"खण," ज्ञानेश्वर म्हणाला.

मुरूम मऊ होता. पहारीला काम उरलं नाही, कोंडूनं हातांनीच उपसला. हातभर खाली माती काळी झाली. मग पहिला तुकडा वर आला. धावड्याचा की खैराचा, मनगटाएवढा जाड, आणि त्याच्या टोकावर लाकडाच्या रेषा अजून मोजता येतील अशा. कोंडूनं तो शर्टाला पुसला आणि ज्ञानेश्वरच्या हातात दिला. हलका होता. टिचकी मारली तर वाजला. साईनाथ वाकून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, खरोखरची शंका होती. "साहेब, कोळसा काय, राबाचा असणार. आमच्या वावरात कुठंही खणा, कोळसा मिळंल." "राबाची राख होते," कोंडू खड्ड्यातूनच पुटपुटला, "मनगटाएवढं लाकूड कोण राबात घालतंय?" "तू गप. साहेब, नकाशात कोळशाचं लिहिलंय का?" "नाही." "दगडाचं काय लिहिलंय?" "घडीव." "मग? तुमच्याच हातचं ना ते? घडीव दगडाचा मुरूम होतो का?"

ज्ञानेश्वरची जीभ दाढेकडे गेली. धार तिथंच होती. त्याला वाटलं, आता काहीही बोललो तर त्या धारेवरून जाऊनच बाहेर येणार. समोर रखमी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, आशाही फारशी नव्हती. शेतात उभं राहून लोक ढगाकडे बघतात तसं ती बघत होती, आला तर आला. त्याला तिची दया आली असती तर सोपं झालं असतं. त्याला आला तो थकवा. एवढी वर्षं एक दगड घडीव ठेवण्याचा थकवा.

"घडीव नव्हता," तो म्हणाला. "ओढ्याचा गुंडा होता. कुजका होता. मला जाणूनं सांगितलं होतं. मी हसलो."

साईनाथ म्हणाला, "म्हणजे तुमी लिहिलं ते खोटं?"

"खोटं."

"साहेब, हे तुमाला महागात जाईल." धमकी नव्हती ती, पोरगं खरंच काळजीनं बोललं. देवजीनं मोठ्यानं विचारलं, "काय म्हणतात? काय म्हणतात साहेब?"

पंचनामा लिहायला ज्ञानेश्वर बांधावर बसला, फळा मांडीवर घेऊन. पेन काढायला खिशात हात घातला तर कॅलेंडरचा कागदही त्याबरोबर आला, उलगडला, आणि पिवळा तुकडा मुरमावर पडला. तो वाकून शोधायला लागला. दोनचार खडे उचलून पाहिले. एक पिवळट होता, पण चुरला. दुसरा तसाच. "काय हरवलं, साहेब?" कोंडूनं विचारलं. "दात," ज्ञानेश्वर म्हणाला. कोंडूही वाकून शोधायला लागला. रखमी म्हणाली, "दात होय? कोलशान घासत जा. मला बग, खालचे समदे हायेत." आणि तिनं ओठ खाली ओढून दाखवले. होते.

तुकडा सापडला नाही. त्यानं लिहायला घेतलं. सदर ठिकाणी पूर्वी रोवलेला दगड लगतच्या कब्जेदारानं उपटलेला अगर हलवलेला नाही. इथपर्यंत पेन सरळ आलं. सदर दगड मी स्वतः निवडलेला असून तो. इथं अडलं. सरकारी भाषेत अशा दगडाला काय म्हणतात? जीर्ण म्हणावं, तर जीर्ण इमारत असते. क्षतिग्रस्त म्हणावं, तर कुणीतरी क्षती केल्यासारखं. त्यानं वर पाहिलं; रखमी खड्ड्याच्या काठाशी बसून कोळसे एकेक करून पुन्हा आत ठेवत होती, चुलीत सरपण रचावं तसे, एकही तुकडा बाहेर राहू न देता. त्यानं लिहिलं: तो मूळचाच कुजका होता. त्याखाली हातभर खोल लाकडी कोळसा मिळून आला, तो माझ्या समक्ष घातलेला होता, व तीच खरी हद्द आहे. सही केली. शेपूट काही आलं नाही. ज्ञ आणि एक सरपटलेली रेघ. पण ज्ञ बरा आला होता.

"आता वर काय रोवायचं?" कोंडूनं विचारलं. घडीव दगड आजही आणलेला नव्हता. साईनाथ भिंतच घालणार होता, दगडाचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. ज्ञानेश्वर उठून ओढ्याकडे बघायला लागला, आणि पुन्हा गुंडेच दिसले, एकाहून एक गोल, काळेसावळे, उन्हात निवांत बसलेले. कुठला आतून कसा, कोण सांगणार? सांगणारा गेला. त्यानं त्यातल्या त्यात जवळच्या दगडावर पेन्सिलीच्या मागच्या टोकानं ठोकून पाहिलं, आणि आपल्याला काय ऐकायचं तेच माहीत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"दगूड कंचा बी टाक," रखमी हात झटकत म्हणाली. ते कोपरापर्यंत काळे झाले होते. "खाली ह्यो हाय."

परतीला तो जीपमध्ये बसला नाही. साईनाथनं दोनदा बसा म्हटलं, मग गाडी हळू हळू पुढे गेली आणि धूळ मागे राहिली. कोंडूनं फळा खांद्यावर घेतला. ज्ञानेश्वरनं साखळी घेतली. पूर्वी ती एवढी जड नव्हती. शेणव्याच्या वाटेवर एकदा कोंडू म्हणाला, "एसटी साडेचारला आहे," आणि पुष्कळ वेळानं, "आली तर." ऊन पाठीवर होतं. यादी वर जाईल, त्यात आपण नसू. सरिता विचारेल, आणि तिला सांगावं लागेल, आणि ती नंबराबद्दल काहीतरी बोलेल, आणि मग पीठ चाळायला घेईल. जीभ सवयीनं दाढेकडे गेली. सकाळची ती धार तिला लागली नाही. दिवसभर घासून घासून जिभेनं तो कोपरा मऊ केला होता, की जिभेलाच घट्टा पडला होता, हे त्याला चालता चालता काही केल्या ठरवता येईना.